आवाज नसलेला पाहुणा

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच एक याजक मुका होतो. जखऱ्या धूप जाळण्यासाठी मंदिरात जातो, देवदूताच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो बाहेर येतो तो हातवारे करीतच. पुढे मुलाचे नाव सांगण्यासाठी त्याला पाटी मागवावी लागते. आगमनकाळात हा उतारा आला की मी त्यावर मोठ्या उत्साहाने प्रवचन करीत असे. जखऱ्याच्या अविश्वासावर बोट ठेवणे सोपे असते. त्याच्यासारखी पाटी बाळगण्याची वेळ आपल्यावर येईल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ती आली.

त्याची सुरुवात त्याआधीच्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात झाली होती. परंड्यात आपल्या लोकांची घरे थोडी. उरलेली कुटुंबे आसपासच्या वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. रोज संध्याकाळी एकेका घरी जपमाळ, गीते आणि चार शब्द बोलणे, असा क्रम होता. आवाज बसला तेव्हा धुळीने बसला असेल, असे मी म्हटले. मग मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद घातलेले दूध झाले, ज्येष्ठमधाच्या काड्या झाल्या. एका आजींनी तर अडुळशाचा काढा बाटलीत भरून पाठविला. आवाज एखादा दिवस उघडे आणि पुन्हा बसे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत मी गौरवगीत उचलले आणि वरच्या सुरावर आवाज अक्षरशः तुटला. क्षणभर मंदिरात शांतता पसरली. मग पाठीमागच्या बाकांवरून बायकांनी तो सूर उचलला आणि गीत पुढे गेले. घरी जाताना सर्वांनी प्रेमाने चौकशी केली. परंतु मला त्या रात्री झोप लागली नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. सेमिनरीतून बाहेर पडल्यानंतर बारा वर्षे मी सिगारेट ओढीत होतो. ती सोडल्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली, म्हणून तो हिशेब मिटला असे मी समजत होतो. शिवाय कर्करोगाविषयी अज्ञानी असण्याची सवलत परंड्याच्या माणसाला नाही. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली, आणि बार्शीबरोबर आमच्या परंडा व भूम या तालुक्यांतील गावेही तिच्या कक्षेत आहेत. पुढे आमच्या जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील, एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची एकदा चाचणी करून वेळेवर उपचार केले, तर या रोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणता येतात, हे जगाला आमच्या खेड्यांतील आयाबहिणींमुळे कळले. त्या काळी मी याच जिल्ह्यात नवखा सहायक धर्मगुरू होतो. “लाजू नका, भिऊ नका, तपासणीला जा,” असे मी वेदीवरून बायकांना सांगत असे. त्या गेल्या. आणि मी स्वतः मात्र तीन महिने ज्येष्ठमध चघळीत बसलो.

नवे वर्ष उजाडल्यावर एकदाचा बार्शीला गेलो. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिले, आणि उजव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा असल्याचे सांगितले. काही दिवसांनी भूल देऊन तुकडा काढला व तपासणीला पाठविला. अहवालाला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर पूर्ण मौन पाळायचे होते. “कुजबुजूसुद्धा नका, फादर. कुजबुजताना या तंतूंना त्रासच अधिक होतो,” असे त्यांनी बजावले. घरी आलो तेव्हा धर्मशिक्षकाच्या तिसरीतल्या मुलीने आपली पाटी आणि पेन्सिलीचे दोन तुकडे माझ्यापुढे आणून ठेवले. “मला शाळेत वही चालते,” ती म्हणाली.

मौन पाळणे अवघड नाही, असे लोकांना वाटते. धर्मगुरूच्या बाबतीत ते तसे नसते. मिस्सेतील पवित्रीकरणाचे शब्द उच्चारावे लागतात, आणि मला तर ओठ हलविण्याचीही बंदी. गुरुदीक्षेनंतरच्या पंचवीस वर्षांत वेदीपासून इतके दिवस मी दूर राहिलो नव्हतो. पापनिवेदन ऐकावे, तर क्षमेचे शब्द कोणी उच्चारावेत? शेजारच्या धर्मग्रामातून एक तरुण धर्मगुरू रविवारी येऊ लागले. मी मागच्या बाकावर बसू लागलो. मनात एक प्रश्न होता, तो मी पाटीवरही लिहीत नव्हतो: हा आवाज परत आलाच नाही, तर मी कोण उरेन?

चेन्नईचे निमंत्रण फार पूर्वी आले होते. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात जगभर ख्रिस्तैक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळला जातो. त्यानिमित्त तेथील गुरुकुल ल्यूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात एक संध्याकाळची प्रार्थना होती आणि तीत कॅथलिक बाजूने बोलण्याचे काम माझ्याकडे होते. येऊ शकत नसल्याचे मी चेन्नईतील माझ्या वर्गबंधू धर्मगुरूला कळविले. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते: “बोलता येत नसेल तर नक्की ये. बोलणारे येथे पुष्कळ आहेत.” अहवालाची वाट पाहत घरी बसण्यापेक्षा हे बरे, असा विचार करून पाटी पिशवीत टाकली आणि कुर्डुवाडीला गाडी पकडली. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल अशी स्थानके मागे पडत गेली. डब्यातील माणसांनी मला जन्माचा मुका समजून जागा दिली, चहा दिला आणि माझ्यासमोरच माझ्याविषयी हळहळ व्यक्त केली.

गुरुकुल हे चेन्नईच्या किल्पॉक भागात आहे. १९२७ साली सुरू झालेले हे विद्यालय सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे, आणि भारतातील ल्यूथरन मंडळ्यांच्या संयुक्त संस्थेचे कार्यालयही त्याच रस्त्यावर, त्याच परिसरात आहे. आंध्रातील गुंटूरकडचे, छोटा नागपूरचे, संथाळांतले, ओरिसाच्या जेपूरकडचे आणि आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याकडचे असे निरनिराळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी येथे एकत्र शिकतात. स्त्रियाही दीक्षित सेवेसाठी शिकतात. कॅथलिक सेमिनरीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ओळखीचे पुष्कळ वाटले: घंटा, प्रार्थना, ग्रंथालयाचा तो विशिष्ट वास, परीक्षेच्या भीतीने जागणारी पोरे. एका भिंतीवर ल्यूथरचे गुलाबचिन्ह होते: पांढऱ्या गुलाबात लाल हृदय आणि त्यात काळा क्रूस. क्रूस आपलाच, हे पाहून मला बरे वाटले. आणि बरे वाटण्याची गरज का पडावी, याचे नवलही वाटले.

खरे सांगायचे तर सेमिनरीत ल्यूथर आम्हाला परीक्षेतील एक प्रश्न म्हणून भेटला होता. चुका, कारणे, परिणाम असे तीन मथळे आणि सात गुण. व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तैक्यावरील आदेश काढून या बंधूंकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. पण दृष्टी बदलण्याचा आदेश आला म्हणून डोळे लगेच बदलतात असे नाही. बोलता येत नसल्यामुळे दिवसा मी ग्रंथालयात बसू लागलो. तेथे ल्यूथरचे चरित्र वाचताना तो प्रथमच मला आजारी माणूस म्हणून भेटला. १५३७ साली श्मालकाल्डेन येथे मूतखड्याने तो मरणाच्या दारी पोहोचला होता. कानांत सतत आवाज घुमण्याचा विकार तर त्याला कित्येक वर्षे छळीत होता. वाद घालणारा माणूस वेदनेने कण्हताना दिसला की त्याच्याशी भांडण्याचा आपला सूर आपोआप खाली येतो.

तेथेच बार्थोलोमेव्ह त्सिगनबाल्गची हकिगत पुन्हा वाचली. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेला हा जर्मन ल्यूथरन तरुण ९ जुलै १७०६ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला. प्रकृती मुळातच नाजूक. तरीही तो वाळूत बोटाने अक्षरे गिरविणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून तमिळ शिकला, नव्या कराराचे त्याने तमिळ भाषांतर केले, आणि १७१९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १६१९ साली, आपले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात कालवश झाले. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणाचा अभिमान आपण मराठी कॅथलिक बाळगतो, आणि तो योग्यच आहे. एक येशूसंघीय आणि एक ल्यूथरन. एकाने मराठी मनापासून ऐकली, दुसऱ्याने तमिळ. आधी ऐकले, म्हणून पुढे दोघांना बोलता आले. हे मी पूर्वीही वाचले होते. परंतु तेव्हा मला बोलता येत होते.

वीरमामुनिवर या नावाने तमिळ साहित्यात अमर झालेले आपले फादर बेस्की हेही मोठे भाषाप्रभू. त्यांनी तरंगंबाडीच्या ल्यूथरन लोकांविरुद्ध घणाघाती ग्रंथ लिहिले. आज चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर बेस्कींचा पुतळा आहे आणि त्याच रस्त्यावर जी. यू. पोप व कॉल्डवेल या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचेही पुतळे आहेत. तिन्ही पुतळे १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी बसविले गेले. समुद्रावरचे खारे वारे तिघांनाही सारखेच लागते.

माझे भाषण मी घरूनच लिहून आणले होते. ते वाचून दाखविण्याचे काम कोरापुटकडच्या एका विद्यार्थिनीला मिळाले. मी पहिल्या रांगेत बसलो. भाषण विद्वत्तापूर्ण होते, हे मीच सांगतो. त्यात परिषदेचा आदेश होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी नीतिमान ठरविले जाण्याविषयी केलेला संयुक्त जाहीरनामा होता. ज्या वर्षी मला गुरुदीक्षा मिळाली त्याच वर्षी तो झाला, हेही मी नमूद केले होते. त्याला २००६ साली मेथडिस्ट मंडळींनी दिलेली संमती होती. २०१६ साली स्वीडनमधील लुंड येथे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ल्यूथरन नेत्यांसमवेत केलेली प्रार्थनाही होती. मुलगी सावकाश वाचीत होती. दुसऱ्याच्या तोंडून आपलेच शब्द ऐकताना एक गोष्ट कानाला टोचू लागली. आम्ही केले, आम्ही पाऊल उचलले, आम्ही हात पुढे केला. किती वेळा ‘आम्ही’!

जाहीरनाम्याचे सार सांगणाऱ्या परिच्छेदाशी ती अडखळली. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेत, आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे. आणि मग तोच आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, अशा आशयाचे ते वाक्य होते. तिची ओळ चुकली म्हणून तिने ते पुन्हा पहिल्यापासून, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचले. हे वाक्य मी वर्गांत शिकविले होते. त्यावर टिपणे काढली होती. त्या संध्याकाळी प्रथमच ते मला उद्देशून कोणीतरी वाचीत आहे, असे वाटले. पंचवीस वर्षे मी कृपेचा उपदेश करीत होतो आणि जगत होतो मात्र रोजंदारीवर. प्रवचन चांगले झाले की देव प्रसन्न. वाईट झाले की दिवस वाया. आवाज गेला, म्हणजे माझी मजुरीच बुडाली.

प्रार्थनेनंतर गुंटूरकडचे एक वृद्ध, निवृत्त प्राध्यापक माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या घशाची हकिगत त्यांना कोणीतरी सांगितली असावी. झाडाखालच्या बाकावर बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग न जाणो काय वाटले, मी पाटी काढली आणि इतके दिवस दडविलेला तो प्रश्न इंग्रजीत लिहून त्यांच्यापुढे धरला. आवाज गेला तर मी काय उरेन?

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “माझ्या पत्नीला पक्षाघात झाला,” ते म्हणाले. “वाचा गेली. तीन वर्षे ती अंथरुणावर होती. ती शाळेत शिकवीत असे, मंडळीत गात असे, सारे थांबले. मी तिला भरवीत असे. त्या तीन वर्षांत ती माझी तसूभरही कमी पत्नी झाली नाही, फादर. कृपेचा हा सिद्धान्त मी या विद्यालयात कित्येक वर्षे शिकविला. मला तो कळला, तिला पेज भरविताना.”

एवढे बोलून ते उठले. मी पाटी पुसली नाही. तो प्रश्न पिशवीत घासून घासून आपोआप पुसट झाला.

सारेच दुरावे त्या आठवड्यात मिटले, असे म्हटले तर ते असत्य होईल. एके दिवशी त्यांच्या प्रभुभोजनाच्या विधीला मी हजर होतो. सारे विद्यार्थी ओळीने पुढे गेले. मी जागेवर बसून राहिलो. आपल्या ख्रिस्तसभेची शिस्त मला मान्य आहे आणि तिच्यामागील कारणेही मी जाणतो. पण कारणे जाणल्याने बसून राहण्याचे दुःख कमी होत नाही. मिस्सा करता येत नाही म्हणून एका भोजनापासून दूर, आणि एकत्व अजून पूर्ण झाले नाही म्हणून दुसऱ्यापासून दूर, असा मी दुहेरी उपाशी होतो. विधी चालविणारे पाळक शेवटी वेदीवरून खाली आले, माझ्यापाशी थांबले, आणि काही न बोलता त्यांनी माझ्या मस्तकावर हात ठेवला. पहाटे मात्र मी माझ्या वर्गबंधूच्या मिस्सेला जाई आणि लोकांच्या रांगेत उभा राहून ख्रिस्तप्रसाद घेई. त्याच्या हातून तो घेताना माझे हात रिकामे आहेत, हे मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी जाणवले नव्हते.

२४ तारखेच्या संध्याकाळी धर्मशिक्षकाचा फोन आला. अहवाल आणण्याचे काम मी त्याच्यावर सोपविले होते. मला बोलता येणार नाही हे त्याला ठाऊक होते. ऐकू आले की फोनवर नखाने एकदा टकटक करायचे, असे आमचे ठरले होते. “फादर, आहे,” तो म्हणाला. “कर्करोग आहे. पण अगदी सुरुवातीचा आहे. डॉक्टर म्हणाले, किरणांनी बरा होईल. तुम्ही ऐकताय ना?” मी टकटक केली. पलीकडे तो रडू लागला. एरवी मी त्याला धीर दिला असता. धीर देणारी वाक्ये माझ्याकडे नेहमी तयार असतात. त्या दिवशी मी फक्त त्याचे रडणे ऐकत राहिलो, आणि मधूनमधून टकटक करीत राहिलो. नंतर तो मला म्हणाला, की इतका आधार त्याला माझ्या कोणत्याच शब्दाने वाटला नव्हता.

दुसरा दिवस संत पौलाच्या परिवर्तनाचा. दमास्कसच्या वाटेवर दृष्टी गेलेला तो कर्तबगार माणूस. लोकांनी त्याचा हात धरून त्याला गावात नेले. तीन दिवस त्याला काहीच करता आले नाही, आणि ज्यांना तो छळण्यासाठी निघाला होता, त्यांच्यापैकीच एकाने त्याच्यावर हात ठेवून त्याला ‘भाऊ’ म्हटले. गुरुकुलातल्या सकाळच्या प्रार्थनेत हा उतारा वाचला गेला. त्याच दिवशी मी परतीच्या गाडीत बसलो.

३ फेब्रुवारीला, संत ब्लेझच्या सणाला, आपण दोन मेणबत्त्या क्रूसासारख्या धरून भाविकांच्या गळ्याला आशीर्वाद देतो. दरवर्षी मेणबत्त्या माझ्या हातात असतात. गेल्या वर्षी त्या शेजारच्या तरुण धर्मगुरूंच्या हातात होत्या आणि मी रांगेत उभा होतो, काढा पाठविणाऱ्या आजींच्या मागे. मेणाचा थंड स्पर्श गळ्याच्या दोन्ही बाजूंना झाला. आजींनी वळून पाहिले आणि समाधानाने मान हलविली, जणू काढ्याचेही त्यात काही श्रेय होते.

पुढे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, मी एस.टी.ने बार्शीला किरणोपचारासाठी गेलो. गळा भाजला, गिळणे जड गेले, प्रायश्चित्तकाळाचा उपवास आपोआप घडला. देवाच्या दयेने रोग आटोक्यात आला. तपासण्या अजून चालू आहेत. आवाज परतला आहे, पण जाडाभरडा. गौरवगीत आता मी उचलीत नाही. ते काम मागच्या बाकांवरच्या बायकांकडे गेले आहे आणि त्या ते उत्तम करतात. प्रवचनही आखूड झाले आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

वाचकहो, घरातल्या कोणाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर ज्येष्ठमधावर विसंबू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. तंबाखू असेल, तर ती आजच सोडायला सांगा. मी वेळेवर गेलो नाही, तरी वाचलो. प्रत्येकाला एवढी सवलत मिळतेच असे नाही.

परंडा तालुक्यात सीनेच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी तेथे आहे. समर्थ सांगत आणि कल्याण ऐकून लिहीत, अशी दासबोधाची कथा आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इतकी वर्षे त्या रस्त्याने जाताना मला समर्थच आठवत. आता कल्याणही आठवतात.

पाटी मी त्या मुलीला परत केली. एक कोपरा प्रवासात फुटला होता, म्हणून नवी घेऊन देतो म्हणालो. ती म्हणाली, “राहू द्या फादर. तुम्हाला परत लागली तर?” तिच्या वडिलांनी तिला दटावले. मी मात्र तिला म्हटले, “बरोबर आहे. जपून ठेव.”